पगाराच्या चिठ्ठीतले दोनशे रुपये

नमस्कार श्रोतेहो. पुण्या-मुंबईत नोकरीला असाल, तर या महिन्याची पगाराची चिठ्ठी जरा काढून बघा. बहुतेकांच्या चिठ्ठीत 'व्यवसाय कर' म्हणून 200 रुपये कापलेले दिसतील. फेब्रुवारीत 300, वर्षाचे झाले 2500. महाराष्ट्रात 1975 साली हा कर बसला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या कमावत्या माणसानं गावाकडच्या कामाला हातभार लावायचा आणि तेवढीच भर सरकारनं तिजोरीतून घालायची, असा तो हिशेब.

माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. हातात हातोडी, बोटांना चिंध्या बांधलेल्या आणि दुपारी खायला सुकडी. ती त्याला 'दुष्काळी काम' म्हणायची. हजेरीपटावर नाव चढवायचं की नाही, ते मुकादमाच्या मनावर.

विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी ही मर्जीच काढून टाकायचं ठरवलं. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी 1965 मध्ये लहानसा प्रयोग करून पाहिला होता. पुढे 1977 चा रोजगार हमी कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मागेल त्याला काम, तेही हक्कानं. दिल्लीला असा कायदा करायला 2005 उजाडलं.

नुसती खडीच फुटली असंही नाही. 1990 मध्ये फळबाग लागवड या योजनेला जोडली. खड्डे आपल्याच रानात घ्यायचे, खर्च सरकारचा. कोकणात आंबा-काजू, सोलापूरकडे डाळिंब-बोर, जालन्याकडे मोसंबी. दोन-तीन एकरवाल्या घराला बाग लावणं कधी परवडलं असतं? मला तर वाटतं, अनुदानाच्या सगळ्या घोषणांपेक्षा हे काम मोठं. (मोसंबीला उन्हाळ्यात पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न मात्र शेतकऱ्याच्याच गळ्यात राहिला.)

आता कायद्यातली खरी गंमत. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत मिळालं नाही, तर बेकार भत्ता द्यावा लागतो. म्हणजे उशीर झाला तर भुर्दंड सरकारला. पण पंधरा दिवस मोजायचे कुठून? अर्जाच्या पोचेवर जी तारीख असेल तिथून. आणि अडतं ते तिथंच. आमच्या भागातल्या एका बाईंनी तीनदा खेटे घातले. दरवेळी एकच उत्तर, "ठेवून जा, बघतो." पोच नाही, म्हणून तारीख नाही, तारीख नाही, म्हणून भत्ता नाही. कागदोपत्री त्या बाईंनी काम मागितलेलंच नाही! मग वर अहवाल जातो, गावात कामाची मागणी नाही.

तेव्हा उद्या ग्रामपंचायतीत जाणार असाल, तर अर्जाच्या दोन प्रती न्या. एक त्यांना द्या. दुसरीवर सही, शिक्का आणि तारीख पडेपर्यंत बाकड्यावरून उठू नका. नमस्कार.