स्लॅब तापतो म्हणून एसी लागतो

मंडळी, नागपुरात मे महिन्यात रात्री नऊ वाजता पंखा लावला, की अंगावर गरम वारा येतो. त्याच वेळी बाहेर अंगणात मात्र बरं वाटत असतं. हा फरक डोक्यावरच्या स्लॅबमुळे पडतो. एप्रिल-मेमध्ये गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर दिवसाला सहा ते सात युनिट विजेएवढी उष्णता पडते. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर, म्हणजे रोज सहाशे युनिटांच्या आसपास. सगळी आत येत नाही. पण काँक्रीटमध्ये जी मुरते, तिला पाच-सहा इंचांचा स्लॅब ओलांडायला चारेक तास लागतात. दुपारी एकला मुरलेलं ऊन संध्याकाळी खोलीत उतरतं आणि मध्यरात्रीपर्यंत उतरत राहतं. छताला चिकटलेली गरम हवा पंखा फक्त खाली ढकलतो.

मग आपण एसी घेतो. त्याची वीज विदर्भातच कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या कोळशावर तयार होते. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. देशाच्या ग्रिडमध्ये एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या शीतकरण आराखड्याचा अंदाज असा, की २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत इमारतींमधल्या थंडाव्याची गरज जवळपास अकरा पट होईल. एसी दहा वर्षांत बदलता येतो. आज टाकलेला स्लॅब मात्र पन्नास वर्षं तसाच राहतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच: पैसे आधी छतावर, मग पश्चिमेच्या उन्हावर, आणि यंत्रावर सगळ्यात शेवटी.

छतापासून सुरुवात करू. एक चौरस मीटरमधून, आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता जाते त्या आकड्याला यू-व्हॅल्यू म्हणतात. आकडा जितका लहान तितकं छत चांगलं. नुसत्या सहा इंची स्लॅबची यू-व्हॅल्यू तीनच्या वर असते. घरांसाठी २०१८ साली आलेली इको निवास संहिता छताला १.२ ची मर्यादा घालते. स्लॅबवर २५ मिलिमीटर एक्सपीएस, म्हणजे बंद छिद्रांचा दाबलेला फोम टाकला तर आकडा ०.९ च्या आत येतो, ५० मिलिमीटर टाकला तर ०.५ च्या आसपास. नवीन घराला मी ५० चाच आग्रह धरतो. मजुरी, वरचा काँक्रीटचा कोबा, टाइलच्या तुकड्यांच्या चिप्स यांचा खर्च दोन्हीकडे तोच असतो, फरक फक्त शीटच्या जाडीचा.

क्रम महत्त्वाचा आहे, आणि चुका तिथेच होतात. आधी स्लॅबवर पाण्याच्या आउटलेटकडे किमान शंभराला एक उतार काढायचा. मग वॉटरप्रूफिंग. ते पॅरापेटवर, म्हणजे गच्चीच्या कठड्यावर, फूटभर चढवायचं, कोपऱ्यात गोलाकार वाटा, म्हणजे काटकोन बुजवणारी गोलाई, भरायचा. त्यानंतर गच्चीत पाणी भरून ४८ तास ठेवायचं. खाली एकही ओला डाग दिसला नाही, तरच पुढचं काम. मग एक्सपीएसच्या शीट, विटांच्या थरांसारखे सांधे चुकवून, फट न ठेवता. त्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड, त्यावर दीड-दोन इंच कोबा, आणि शेवटी पांढऱ्या चायना चिप्स. कोबा सलग ओतू नका. दोन-अडीच मीटरचे चौकोन पाडून सांधे ठेवा, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात तो तडकतो.

ठेकेदार स्वस्तात साधा थर्माकोल सुचवेल. तो पाणी पितो आणि वजनाखाली दबतो. ओला झालेला थर उष्णता अडवत नाही. कुणी म्हणेल, शीट खालून छताला लावू, तोडफोड नको. खोलीला त्यानेही आराम मिळतो, पण स्लॅब उन्हातच राहतो. तो रोज फुगतो, आकसतो, आणि भिंत व स्लॅब यांच्या सांध्यात चिरा पडतात. शीट वर असेल तर स्लॅबही सावलीत, वॉटरप्रूफिंगही सावलीत.

आणखी एक गोष्ट नकाशा काढतानाच बघायची. या सगळ्या थरांनी गच्ची चार-पाच इंच वर येते. जिन्याच्या दाराचा उंबरठा आणि आउटलेटची उंची आधी धरली नाही, तर पावसाचं पाणी जिन्यात उतरतं. सोलर पॅनल बसवणार असाल तर त्यांच्या पायांसाठी काँक्रीटचे ठोकळे वॉटरप्रूफिंगच्या आधी बांधून घ्या. नंतर ड्रिल मारलं, की केलेलं काम वाया.

आता पश्चिम. मेच्या मध्यावर दुपारी चारला नागपुरात सूर्य क्षितिजापासून साधारण ३६ अंशांवर आणि जवळजवळ थेट पश्चिमेला असतो. दोन फुटी छज्जा त्या वेळी खिडकीवर जेमतेम १७-१८ इंच सावली टाकतो, पाचला दहा इंच. चार फुटी खिडकी चारच्या उन्हात पूर्ण झाकायला छज्जा साडेपाच फुटांचा लागेल. तो कुणी बांधत नाही. म्हणून पश्चिमेला आडवा छज्जा निरुपयोगी. तिथे खिडकीच लहान ठेवा, किंवा बाहेरून उभी झडप, जाळी, बांबूची चटई लावा. पडदा आतून लावून फारसं साधत नाही, कारण काच ओलांडून आलेली उष्णता तोवर घरात शिरलेली असते. दक्षिणेला उलट. एप्रिलच्या मध्यावर भर दुपारी सूर्य ७९ अंशांवर असतो, तोच दोन फुटी छज्जा अख्खी खिडकी झाकतो, आणि डिसेंबरात सूर्य ४५ अंशांवर उतरला की खिडकीचा खालचा अर्धा भाग उन्हाला मोकळा राहतो. बेडरूम पश्चिमेला काढू नका. जिना, संडास-बाथरूम, कोठीची खोली तिकडे ढकला.

भिंतींचं थोडक्यात सांगतो. संहिता भिंती आणि खिडक्या मिळून येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरमागे १५ वॅटची मर्यादा घालते. नऊ इंची विटांच्या भिंतीत १५ टक्के साधी काच, सावली नाही, असा हिशेब संहितेच्या सूत्रात घातला, दिशांचा गुणक ढोबळपणे एक धरला, तर एकवीसच्या आसपास येतं. त्यातले आठ त्या १५ टक्के काचेतून येणाऱ्या उन्हाचे! नुसती बाहेरून सावली करून ती आठ निम्मी केली तर आकडा सोळा-सतरावर येतो. विटांऐवजी आठ इंची एएसी, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांचे हलके काँक्रीटचे ब्लॉक घेतले तर चौदा. दोन्ही केलं तर दहाच्या आत. ब्लॉकवर मात्र घट्ट सिमेंटचा जाड गिलावा करू नका, तो सुटतो. प्लास्टर पातळ, सिमेंट कमी, आणि दोन मटेरियलच्या सांध्यावर जाळी.

एवढं झालं की कुलर पुरतो. मराठवाड्यातलं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, ऊन अडवण्याचं हेच काम जाड मातीने करायचं. बारा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीत १,४४० घनफूट हवा असते. ती दोन मिनिटांत एकदा बदलायला ७२० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला ७२० घनफूट हवा फेकणारा कुलर लागतो. पण समोरची खिडकी उघडी हवी. दार-खिडकी बंद करून कुलर लावला तर अर्ध्या तासात घर दमट होतं आणि दोष कुलरला दिला जातो. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की त्याचा उपयोग संपतो. तेव्हा एसी लागलाच, तर तो लहान टनाचा, आणि २४ च्या खाली नको.

ज्यांचं घर बांधून झालंय, तोडफोड परवडत नाही, त्यांनी मार्चमध्ये गच्ची घासून धुवावी आणि चुन्याचे दोन हात द्यावेत. चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात थोडा सरस घालून. नाहीतर तो भुकटीसारखा सुटतो आणि पहिल्या वळवाच्या पावसात वाहून जातो. पांढऱ्या गच्चीवर धूळ बसली की निम्मं काम थांबतं, म्हणून मेच्या सुरुवातीला पुन्हा एकदा झाडून काढा. काम पहाटे करा. तापलेल्या स्लॅबवर चुना लगेच सुकतो आणि धरत नाही.