नऊ चेहऱ्यांचा देह: अजिंठा, लेणं क्रमांक २६

(दृश्य: डावी भिंत, कॅमेरा डोक्याकडून पायांकडे)

लेण्यात शिरून डावीकडे वळलं की महापरिनिर्वाणाची, म्हणजे अखेरच्या क्षणी कुशीवर पहुडलेल्या बुद्धाची, ही मूर्ती सुरू होते. लांबी सुमारे ७ मीटर, काम पाचव्या शतकातलं. हे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं, बुद्धभद्र या भिक्षूनं खोदवून घेतलं. त्याचा शिलालेख बाहेर व्हरांड्यात आहे. समोरच खांबांची रांग, त्यामुळे हवं तेवढं मागे सरकता येत नाही. कारागिरालाही हीच अडचण असणार. इतकी लांब मूर्ती नजरेच्या अंदाजानं होत नाही, मोजूनच करावी लागते.

(दृश्य: चेहरा, अगदी जवळून)

माप सुरू होतं इथून. केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत एक ताल, म्हणजे १२ अंगुळं. कपाळ ४, भुवईपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत ४, तिथून हनुवटी ४. हे अंगुळ कुणाच्या बोटाचं नव्हे. मूर्तीची ठरलेली उंची भागिले १०८, ते एक अंगुळ. म्हणून मूर्ती वीतभर असो की भिंतभर, प्रमाण तेच राहतं.

(दृश्य: मूर्तीवर आखलेल्या रेघा)

अशा नऊ चेहऱ्यांइतकी उंची म्हणजे नवताल. त्याचा हिशेब असा. चेहरा १२, गळा ४. गळ्यापासून छाती १२, छातीपासून बेंबी १२, बेंबीपासून जांघ १२. मांडी २४, गुडघा ४, पोटरी २४, पाऊल ४. झाले १०८. उष्णीष, म्हणजे डोक्यावरचा उंचवटा, याच्या वर. पुढे बुद्धासाठी १२० आणि १२५ अंगुळांची मापंही आली. तिबेटी थांका, म्हणजे कापडावरची धर्मचित्रं, रंगवणारे आजही ती पाळतात.

दगडावर आधी सूत ताणून मधली रेघ. मग नाकासारख्या पुढे येणाऱ्या भागांचा दगड राखून बाकीचा मागे न्यायचा. बिघडतं ते इथेच. टाकी बोटभर खोल गेली तर नाक परत चिकटवता येत नाही. चेहरा तेवढा मागे घ्यायचा, मग गालाखालचा हात, मग डोक्याखाली दबलेली ही उशी. बेसाल्टमधली भोकं गिलाव्यानं बुजतात, कारण मूर्तीवर गिलावा आणि रंग असायचाच. चुकलेलं माप गिलाव्याखाली लपत नाही.

(दृश्य: अंगावर सरळ पसरलेला डावा हात)

लांब हात, लोंबते कान पाहून ‘यांना शरीररचना जमत नव्हती’ म्हणणारे भेटतात. साफ चूक. न वाकता गुडघ्याला टेकणारे हात हे बुद्धाच्या ३२ महापुरुषलक्षणांतलं एक. दोन्ही हात पसरले की होणारी लांबी उंचीइतकी, हे दुसरं; वडाच्या घेराची उपमा त्यालाच. लांबी मुद्दाम धरलेली आहे.

मूर्तीला हात लावू नका, हाताचा घाम आणि तेल दगडात मुरतं.

(दृश्य: पावलं)

७ मीटरला नवतालाचं माप लावलं, तर एक अंगुळ साडेसहा सेंटीमीटरचं. घोट्यापासून तळव्यापर्यंत ४ अंगुळं, म्हणजे २६ सेंटीमीटर. तुमचं आमचं अख्खं पाऊल साधारण तेवढंच.