ब्युनोस आयर्स : दोघांच्या चालीनं

(दृश्य : नोव्हेंबरची सकाळ. फुटपाथवर जांभळ्या फुलांचा सडा. कॅमेरा स्थिर.)

हा सडा पाहून पुण्यातल्या कुणालाही नीलमोहर आठवेल. तोच आहे. फक्त ‘आपला नीलमोहर’ म्हणताना मी इथे जरा थांबले, कारण हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, आपल्याकडे ते पाहुणं म्हणून आलं. इथे त्याला खाकारांदा म्हणतात, आणि ते नोव्हेंबरात फुलतं, कारण इथला वसंत आपल्या दिवाळीच्या सुमाराचा.

ह्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणाले होते, भरपूर चाला, पण बेतानं. म्हणून आम्ही ठरवलं : एकच शहर, पंधरा दिवस, आणि दिवसाला एकच ठिकाण. बाकी वेळ बसायचं.

बसायला याहून चांगलं शहर मला माहीत नाही.

(दृश्य : कोपऱ्यावरचं कॅफे. संगमरवरी टेबल, दोन कप, सोड्याचा छोटा ग्लास.)

तोर्तोनी हे इथलं नावाजलेलं कॅफे, १८५८ पासूनचं. आम्ही तिथे एकदाच गेलो. रोजचं आमचं कॅफे म्हणजे घराखालचं. दुधाचा हात लावलेली कॉफी, तिला कोर्तादो म्हणायचं, आणि सोबत मेदियालुना, म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराचा गोडसर पाव. कॉफीबरोबर सोडावॉटरचा पेला न मागता येतो. बिल मात्र मागितल्याशिवाय येत नाही. एका कपावर तासभर पेपर वाचत बसलेल्या आजोबांना कुणी उठवत नाही.

जेवणानंतर टेबलावरच रेंगाळत गप्पा मारण्याला स्पॅनिशमध्ये एक शब्द आहे, सोब्रेमेसा. आपल्याकडे पंगत उठल्यावरही हात वाळेपर्यंत बोलत बसतात ना, तेच. फरक इतकाच, की इथे रात्रीचं जेवणच नऊनंतर सुरू होतं.

(दृश्य : भुयारी रेल्वे. मग जिना, आणि एकदम उजेड.)

सुब्ते, म्हणजे इथली भुयारी रेल्वे. तिचा ‘ए’ मार्ग १९१३ साली सुरू झाला, लॅटिन अमेरिकेतला पहिला. जुने लाकडी डबे अगदी २०१३ पर्यंत त्यावर धावत होते. आम्ही शेवटच्या स्टेशनावर उतरलो, प्लासा दे मायोला. गुरुवार होता. साडेतीन वाजायचे होते.

समोर अर्जेंटिनाच्या राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय, गुलाबी रंगाचं कासा रोसादा. चौकात मधोमध एक पांढरा स्तंभ. त्याच्याभोवती फरशीवर पांढरे रुमाल रंगवलेले. या रुमालांसाठीच आम्ही गुरुवार राखून ठेवला होता.

१९७६ ते १९८३ इथे लष्कराची राजवट होती. विद्यार्थी, कामगार, पत्रकार यांना घरातून, रस्त्यातून उचलून नेत. आईबाप ठाण्यात विचारायला गेले, की उत्तर मिळे : अशा नावाचं कुणी इथे नाही. मानवी हक्क संघटना बेपत्ता झालेल्यांची संख्या ३०,००० सांगतात.

३० एप्रिल १९७७ रोजी चौदा बायका या चौकात आल्या. जमावबंदी होती. पोलिसांनी दटावलं, घोळका करून उभं राहायचं नाही, चालत राहा. तर त्या चालू लागल्या. दोघी-दोघींनी, हातात हात गुंफून, या स्तंभाभोवती. तेव्हापासून त्या दर गुरुवारी चालत आल्या आहेत.

गर्दीत एकमेकींना ओळखता यावं म्हणून त्यांनी डोक्याला पांढरं कापड बांधलं. ते कापड म्हणजे बाळाचा लंगोट. हरवलेल्या मुलाच्या तान्हेपणातला, घरात जपून ठेवलेला. माझ्या कपाटातही मुलीचं एक दुपटं आहे, अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं. ते मी का ठेवलं आहे, हे मला कुणी कधी विचारलेलं नाही. या बायकांना मात्र ते डोक्याला बांधून सरकारच्या दारात उभं राहावं लागलं.

त्यांच्यातल्या असुसेना विशाफ्लोर यांना त्याच वर्षीच्या डिसेंबरात उचलून नेलं. त्यांचे अवशेष ओळखायला २००५ साल उजाडलं. त्यांची रक्षा याच स्तंभाच्या पायथ्याशी पुरलेली आहे.

(निवेदन थांबवा. फक्त पावलांचा आवाज.)

आता त्यातल्या फार थोड्या उरल्या आहेत, त्याही नव्वदीच्या आसपासच्या. मागे तरुण मुलं-मुली चालतात. ह्यांनी काठी डाव्या हातात घेतली, उजवा हात माझ्या हातात दिला, आणि आम्हीही मागून एक फेरी चाललो. बेतानंच. त्या दिवशी आम्ही आणखी काही पाहिलं नाही.

(दृश्य : लोकल गाडीची खिडकी. पुढे मातकट, अथांग नदी.)

एक सकाळ सान इसिद्रोसाठी. रेतिरो स्टेशनावरून गाडी मिळते. १९२४ च्या नोव्हेंबरात रवींद्रनाथ ठाकूर पेरूला जाता जाता आजारी पडून ब्युनोस आयर्सला उतरले, आणि लेखिका विक्टोरिया ओकाम्पो यांनी त्यांना इथे, नदीकाठच्या घरात ठेवून घेतलं. थोड्या दिवसांचा मुक्काम जवळजवळ दोन महिन्यांचा झाला. कवी एका आरामखुर्चीत बसत. निघताना ती खुर्ची त्यांच्यासोबत द्यायची विक्टोरियाबाईंनी ठरवलं. बोटीच्या केबिनच्या दारातून ती आत जाईना, तेव्हा त्यांनी दारच काढायला लावलं. पुढे ‘पूरबी’ हा कवितासंग्रह रवींद्रनाथांनी त्यांना अर्पण केला, ‘विजया’ या नावानं.

रिओ दे ला प्लाताचा पलीकडचा काठ दिसत नाही. पाणी पहिल्या पुरातल्या मुठेसारखं गढूळ. आम्ही बाकावर बसून डबा खाल्ला.

(दृश्य : रात्र. जुनं सभागृह, मंद दिवे. बांदोनेओन या भात्याच्या वाद्याचे सूर.)

शेवटच्या रात्री मिलोंगा, म्हणजे टँगो नाचायला लोक जमतात ती जागा. पर्यटकांच्या कार्यक्रमात पाय हवेत फेकणारा टँगो दिसतो, तो इथे नाही. इथे पुरुष लांबूनच नजर देतो, बाईनं मान हलवली तरच तो उठतो. नकार असेल तर ती नुसती दुसरीकडे पाहते, कुणाचा अपमान होत नाही. मला ही रीत फार आवडली. मग मिठीत घेऊन चालणं. हो, चालणंच. टँगो शिकवणारे आधी चालायला शिकवतात. तीन-चार गाणी एकत्र, न बोलता, सगळी जोडपी घड्याळाच्या उलट दिशेनं फिरत असतात.

आमच्या शेजारच्या टेबलावरचं जोडपं ऐंशीच्या पुढचं असावं. आजोबा उठताना टेबलाला धरून उठले. मधल्या मोकळ्या जागेत गेले, आजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि कोण कुणाला सावरतंय ते कळेना. त्यांचं पाऊल लहान होतं. मागची जोडपी त्यांच्यासाठी सावकाश झाली, कुणी पुढे घुसलं नाही.

गाणी संपली. मध्ये वाजतं ते वेगळं, छोटं संगीत लागलं, आणि सगळे आपापल्या टेबलांकडे परतले. आजोबांनी आजींना खुर्चीपर्यंत आणून सोडलं.

हे म्हणाले, “अजून थोडं बसू या.” घड्याळात एक वाजला होता. पुण्यात सकाळचे साडेनऊ, लेकीच्या फोनची वेळ. मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि आणखी एक सोडा सांगितला.