पुंगळी किती वेळा भरायची?

अमेरिकेत काडतुसं घरी भरणं हा रुळलेला छंद आहे. (आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.) तिथला नवशिका पहिला प्रश्न विचारतो तो हा, की एक पितळी पुंगळी (बार झाल्यावर उरणारं काडतुसाचं रिकामं कवच) पुन्हा भरून किती वेळा चालते? त्याला एक आकडा हवा असतो. पण दर खेपेला पितळ किती ताणलं जातं, त्यावर सगळं अवलंबून आहे.

पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांची फारशी काळजी नको. .38 स्पेशलचा कमाल दाब 17,000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). ती बहुधा तोंडाशी उभी चिरते, कारण गोळी बसवायला तोंड दर वेळी उमलवावं लागतं. गोळीचं बूड जेमतेम टेकेल इतकंच उमलवा.

रायफलचं प्रकरण वेगळं. .308 विंचेस्टरमध्ये दाब 62,000 पीएसआयपर्यंत जातो. बार होताच पुंगळीचा पुढचा भाग चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला चिकटतो आणि बूड मागे बोल्टवर (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्यावर) रेटलं जातं. जाड बूड संपून पातळ भिंत सुरू होते, तिथे, कडेपासून पाच-सहा मिलिमीटर वर, पितळ ताणतं. वापरलेली पुंगळी पुन्हा मापात आणणाऱ्या साच्याने, म्हणजे डायने, खांदा (पुंगळी मानेकडे निमुळती होते तो उतार) गरजेपेक्षा मागे ढकललात, तर तेवढीच जागा पुढच्या बाराला पुन्हा ताणायला मिळते. अशी पुंगळी चार-पाच भरण्यांतच बुडाशी तुटू शकते. खांदा कंपॅरेटरने (बुडापासून खांद्यापर्यंतचं अंतर मोजायच्या साधनाने) मोजून फक्त 0.05 मिलिमीटर मागे घेतला, तर तीच दहाच्या पुढे जाते. लांबी 51.18 मिलिमीटर ओलांडली की कापून 50.93 वर आणतात. हे कापलेलं पितळ भिंतीतूनच पुढे सरकलेलं असतं. म्हणून वारंवार कापावं लागत असेल, तर आधी डाय तपासा. ताणाची खूण म्हणून बाहेर चकाकती कडी दिसायची वाट पाहू नका. पेपरक्लिपचं टोक काटकोनात वाकवून आतल्या भिंतीवरून बुडाकडून वर ओढा. खाचेत अडकलं, की पुंगळी बाद.

आता मान, म्हणजे गोळी धरून ठेवणारा पुढचा अरुंद भाग. 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असलेलं हे पितळ फुगून-आवळून कडक होतं, आणि मग चिरतं. उपाय म्हणजे तापवून मऊ करणं : फक्त मान आणि खांदा, सुमारे 400 अंश सेल्सिअस, काही सेकंद. बुडाला ही आच लागता कामा नये. बूड मऊ झालं तर दाब पेलणार नाही, आणि जळता वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येईल.

या चिरण्याचा आपल्या पावसाळ्याशी जुना संबंध आहे. ब्रिटिश फौजेची काडतुसं भारतात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली असताना आपोआप तडकत. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, दमट हवा आणि पितळात उरलेला ताण यांची ती करामत होती. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी तिचा उलगडा केला. पुंगळ्या धुताना अमोनियाचं क्लीनर का टाळायचं, ते यावरून समजेल.

राहता राहिलं प्रायमरचं (दारू पेटवणाऱ्या ठिणगीच्या टोपीचं) बुडातलं घर. जास्त दाबाने ते सैल होतं, आणि तापवून त्याचा काही उपयोग नाही. नवा प्रायमर अंगठ्याच्या दाबाने आत जात असेल, तर पुंगळी पकडीने तिथल्या तिथे चेपून टाका, म्हणजे ती चुकून परत डब्यात जाणार नाही.