संध्याकाळी सातचा प्रश्न

मंडळी, निमंत्रणपत्रिकेवर माझ्या भाषणाचं नाव फार भारदस्त छापलंय, ‘बदलती मागणी आणि ऊर्जा कंपन्यांची व्यूहरचना’. मी साधं करून सांगतो. गिऱ्हाइकाच्या सवयी बदलल्या तर दुकानदारानं काय करायचं? पंचाईत अशी की या दुकानदारानं तीस-चाळीस वर्षं चालणारी यंत्रं आधीच कर्ज काढून बसवलेली असतात.

मागणीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, वाढणार की घटणार? मला तो दुय्यम वाटतो. ती येणार केव्हा, दिवसाच्या कोणत्या तासाला, हे आधी विचारा.

हे सगळ्यात आधी ज्यांना उमगलं, त्यांत सॅम्युएल इन्सल होता. एडिसनचा सचिव म्हणून तो लंडनहून अमेरिकेत गेला आणि १८९२ मध्ये शिकागोतल्या एका लहानशा वीज कंपनीचा अध्यक्ष झाला. तेव्हा विजेचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे दिवे. संध्याकाळी सगळे एकदम लावणार, रात्री विझवणार. तेवढ्या काही तासांसाठी जनित्रं घ्यायची आणि उरलेला दिवस ती नुसती उभी. व्याज मात्र चोवीस तास चालू. आपल्याला कोळशापेक्षा उभं यंत्र जास्त खातंय, हे इन्सलनं ओळखलं. १८९४ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रायटनला गेला असताना त्याला आर्थर राइटचं मीटर सापडलं. एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली, हे ते मीटर सांगायचं. त्यावरून दराचे दोन भाग करता आले. एक भाग तुमच्यासाठी राखून ठेवलेल्या यंत्राचा, दुसरा प्रत्यक्ष वापराचा. मग त्यानं दिवसा चालणारे कारखाने गाठले, ट्राम कंपन्या गाठल्या, त्यांना स्वस्त दर दिले. तेच यंत्र जास्त तास राबू लागलं आणि वीज स्वस्त होत गेली. (पुढे १९३२ मध्ये इन्सलचं साम्राज्य कोसळलं, पण ते कर्जावर कर्ज रचल्यामुळे. त्याच्या मागणीच्या हिशेबाचा त्यात दोष नव्हता.)

म्हणजे मागणी आकाशातून पडत नाही. दर लावून, गिऱ्हाईक निवडून ती घडवता येते.

आता आजच्या दिवसभरातल्या मागणीचा आलेख बघा. कॅलिफोर्नियाच्या ग्रीड चालवणाऱ्या संस्थेनं २०१३ मध्ये तो प्रसिद्ध केला आणि त्याला बदकाचं नाव पडलं. दुपारी सौरऊर्जा इतकी असते की बाकीच्या वीजनिर्मिती संचांसाठी मागणीच उरत नाही, ते बदकाचं पोट. सूर्य कलला आणि लोक घरी आले की दोन-तीन तासांत मागणी सरळ वर चढते, ती मान. मला त्यात बदक दिसायला बराच वेळ लागला, पण वित्त विभागातल्या माणसाला त्यात लगेच तोटा दिसतो. दुपारची वीज फुकटात जाते आणि संध्याकाळी सात वाजता तीच वीज सोन्याच्या भावानं घ्यावी लागते. माल तोच, तार तीच, पण धंदे दोन.

या सातच्या प्रश्नावर एक उत्तर बॅटरी. त्याच कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये बॅटऱ्यांची क्षमता १०,००० मेगावॉटच्या पुढे गेली आणि त्या एप्रिलमधल्या एका संध्याकाळी, काही काळ का होईना, ग्रीडला सगळ्यात जास्त वीज बॅटऱ्यांनीच दिली. दुसरं उत्तर आणखी स्वस्त आहे, गिऱ्हाइकाला न वापरण्याचे पैसे द्या. पाणी तापवायचं यंत्र तासभर उशिरा चालू झालं तर कुणाचं काही अडत नाही. विजेवरची मोटार रात्रभर उभीच असते. ती सातला चार्ज झाली काय आणि पहाटे दोनला झाली काय, सकाळी मालकाला फरक कळत नाही. कंपनीला मात्र एक अख्खं वीजकेंद्र बांधावं लागत नाही.

इथे कुणी विचारेल, आपलाच खप कमी करायला कंपनी का तयार होईल? प्रश्न रास्त आहे. युनिटमागे नफा असेल तर ती होणार नाहीच. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. म्हणूनच कॅलिफोर्नियानं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वीज कंपन्यांचा मंजूर महसूल खपापासून सोडवला. खप घटला तर पुढच्या दरात भरपाई, वाढला तर परतावा. हा नियम आधी आणि बचतीचं आवाहन नंतर. बऱ्याच ठिकाणी क्रम उलटा असतो, आणि मग बचतीची पत्रकं तेवढी छापली जातात.

तेल कंपन्यांचं दुखणं वेगळं. तेल टाकीत थांबतं, तास मोजावे लागत नाहीत. तिथे दशकं मोजावी लागतात. एक्सॉनचं उदाहरण घ्या. १९७० च्या दशकात, तेलटंचाईच्या काळात, स्टॅनली व्हिटिंगहॅम या रसायनशास्त्रज्ञानं त्यांच्या प्रयोगशाळेत लिथियम बॅटरीचं पायाभूत काम केलं. पुढे कंपनीनं तो विषय सोडला. १९९१ मध्ये सोनीनं लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि २०१९ मध्ये व्हिटिंगहॅमना नोबेल मिळालं. यावर कंपनीला हसणं सोपं आहे, मी हसणार नाही. त्या वेळी विजेवरच्या गाडीला बाजारच नव्हता. पण चार माणसांची तुकडी तरी जागेवर ठेवायला काय खर्च आला असता?

डेन्मार्कच्या कंपनीनं तशी तुकडी ठेवली होती. १९९१ मध्ये डेन्मार्कमधल्या विंडेबीला समुद्रात ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या, जगात पहिल्यांदाच. त्या उभारणाऱ्या कंपनीचा वारसा पुढे डाँग एनर्जीकडे आला. डाँगची ८५ टक्के ऊर्जा जीवाश्म इंधनाची होती. जर्मनीतल्या लुबमिनचा कोळशाचा मोठा प्रकल्प लोकांच्या विरोधामुळे २००९ मध्ये सोडावा लागला, आणि त्याच सुमारास त्यांनी हे प्रमाण एका पिढीत, २०४० पर्यंत, उलटं करायचं ठरवलं. दहा वर्षांतच ते उलटलं. यात मला सगळ्यात शहाणी वाटते ती पैशाची रचना. बांधलेल्या पवनप्रकल्पाचा अर्धा हिस्सा पेन्शन फंडांना विकायचा आणि त्या पैशातून पुढचा बांधायचा. तेल आणि वायूच्या विहिरी विकल्या त्या २०१७ मध्ये, म्हणजे नवा धंदा पायावर उभा राहिल्यावर. त्याच वर्षी कंपनीनं नाव बदलून ऑर्स्टेड केलं. सगळं गोडच झालं असंही नाही. २०२३ मध्ये न्यू जर्सीचे दोन प्रकल्प तिला मोठा फटका सोसून रद्द करावे लागले.

बीपी या ब्रिटिश तेल कंपनीनं आधी आकडा जाहीर केला. २०२० मध्ये म्हणाले, २०३० पर्यंत तेल-वायूचं उत्पादन ४० टक्के घटवू. २०२३ मध्ये ते २५ टक्के झालं, २०२५ मध्ये उद्दिष्टच गेलं. दरवेळी भागधारक वेगळे चिडले, एवढीच प्रगती.

आणि आता डेटा सेंटर. चोवीस तास सारखीच वीज ओढणारं गिऱ्हाईक, इन्सलनं नवसच बोलला असता. पण ते खरोखर येणार का? एकच प्रकल्प चार ठिकाणी जोडणीचा अर्ज करून ठेवतो आणि चारही कंपन्या आपापल्या आलेखात तो मोजतात. त्या भरवशावर केंद्रं आणि वाहिन्या बांधल्या आणि गिऱ्हाईक आलंच नाही, तर बिल बाकीच्यांच्या माथी. अमेरिकेत ओहायोच्या नियामकानं २०२५ मध्ये यावर दर ठरवून दिला. मोठ्या नव्या डेटा सेंटरनं जेवढी वीज लागेल म्हणून सांगितलं, तिच्या किमान ८५ टक्क्यांचे पैसे भरायचे, वापरा अथवा न वापरा, आणि तेही १२ वर्षांपर्यंत. राइटच्या मीटरचा हा पणतू म्हणा. दर लागू झाला आणि तिथल्या वीज कंपनीकडची जोडणीच्या अर्जांची रांग निम्म्याहून कमी झाली.