टिकलीची शेपटी बारीक झाली तेव्हा

नमस्कार, श्रोते हो.

बिबट्या म्हटलं की नाशिककराच्या डोळ्यांपुढे ऊस उभा राहतो. ऊस, पिंजरा, वनखात्याची गाडी आणि गच्चीवर मोबाइल धरून दाटीनं उभी असलेली माणसं. मी आज ज्या बिबट्याबद्दल बोलणार आहे तो माझ्या तळहातावर मावतो. वजन ५८ ग्रॅम. इंग्रजीत लेपर्ड गेको, मराठीत सरळ सांगायचं तर बिबट्या पाल. पिवळसर अंगावर काळे ठिपके म्हणून आमच्या घरातल्या पालीचं नाव टिकली.

मी नोटप्रेसमधून निवृत्त झालो, राहायला जेलरोडला. ही पाल माझी हौस नव्हे, लेकीची. नोकरीसाठी बंगळुरूला जाताना ती म्हणाली, "बाबा, सहा महिने सांभाळा." त्याला आता तीन वर्षं झाली. आमच्या मंडळींनी पहिल्याच दिवशी पंचांगातलं पल्लीपतनाचं पान उघडून, डोक्यावर पडली तर काय आणि खांद्यावर पडली तर काय, ते सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. मी म्हटलं, अगं, ही पडायची नाही, हिला भिंतीवर चढताच येत नाही. ते खरंच आहे. भिंतीवरच्या पालीच्या बोटांना खाली चिकटणाऱ्या गाद्या असतात, हिला नुसती नखं. शिवाय घरातल्या पालीला पापण्या नसतात, ती जिभेनं डोळा पुसते. हिला पापण्या आहेत. उघडझाप करते. डोळे मिटून झोपते. मंडळी म्हणाल्या, "म्हणजे डोळासुद्धा मारते. छान." आणि ती खोली त्यांनी वर्षभर टाकली.

ही जात मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि लगतच्या कोरड्या, खडकाळ मुलखातली. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे एडवर्ड ब्लिथ यांनी १८५४ साली तिचं शास्त्रीय वर्णन केलं. पाळीव म्हणून मिळतात त्या पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या. आपल्या महाराष्ट्रातही खडकाळ माळांवर तिची चुलत बहीण राहते. खेड्यापाड्यांत लोक तिला विषारी समजून दगडानं ठेचतात, पण तिच्यात विष नसतं. ट्रेकला दिसली तर लांबून बघा, उचलून घरी आणू नका. जखमी दिसली तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. इथून पुढे बोलतो ते फक्त घरात वाढलेल्या पालीबद्दल.

गेल्या वर्षीची गोष्ट. संक्रांत नुकतीच झाली होती. निफाडच्या थंडीचे आकडे रोज पेपरात येत होते, तीच थंडी थोडी कमी होऊन आमच्याकडेही होती. टिकली जेवेना. मी म्हटलं, थंडी आहे, जेवेल उद्या. चार दिवस गेले, आठ गेले. आणि एका संध्याकाळी दारातूनच, खोलीत पाऊल न टाकता, मंडळी म्हणाल्या, "अहो, हिची शेपटी बारीक झालीये."

मी रोज बघत होतो, मला दिसलं नव्हतं. रोज बघणाऱ्याला दिसतच नाही ते. या प्राण्याची शेपटी म्हणजे त्याची कणगी. चांगल्या दिवसांतली चरबी तिथं साठते आणि अडचणीत तिथूनच खर्च होते. निरोगी पालीची शेपटी मानेइतकी तरी जाड हवी. टिकलीची पेन्सिलीसारखी झाली होती. काट्यावर ठेवली तर ४९ ग्रॅम. म्हणजे ९ ग्रॅम गेले. तुम्हाआम्हाला ९ ग्रॅम म्हणजे काहीच नाही, पण तिच्या अंगाचा तो सातवा-सहावा हिस्सा. दहा टक्के वजन उतरलं की थांबायचं नसतं, डॉक्टर गाठायचा असतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आणि मग मी तेच केलं जे आपल्याकडे कुणीही करेल. आपल्या घरात आजारी माणसाला आधी काय? मऊ भात, पेज, "दोन घास खा, बरं वाटेल." मी चिमट्यात अळी धरली, तिच्या ओठाला लावून लावून तोंड उघडायला लावलं आणि एकापाठोपाठ चार अळ्या भरवल्या. मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चारही अळ्या कागदावर पडल्या होत्या. अख्ख्या, काळ्या पडलेल्या, आणि वास असा की मी खिडकी उघडली.

नाशिकमध्ये पालीचा डॉक्टर शोधणं हा एक वेगळाच अनुभव. गाय, म्हैस, कुत्रा, मांजर यांचे डॉक्टर चांगले आणि पुष्कळ. एका ठिकाणी फोनवर विचारलं तर समोरचा गृहस्थ म्हणाला, "काका, पाल मारायचं औषध किराणा दुकानात मिळतं." मी फोन ठेवला. चौथ्या फोनला एक तरुण डॉक्टरीणबाई सापडल्या, पक्षी, कासवं आणि असे प्राणी बघणाऱ्या. म्हणून आधीच सांगतो, पाल धडधाकट असतानाच असा डॉक्टर कुठं आहे ते शोधून नंबर लिहून ठेवा. नाशिकात नाही मिळाला तर पुण्या-मुंबईत. रात्री अकरा वाजता शोधायला बसू नका.

बाईंनी टिकलीकडे बघण्याआधी माझ्याकडे ती राहते त्या काचेच्या टाकीचा फोटो मागितला. मग प्रश्न. गरम कोपऱ्यात तापमान किती? पायाखाली काय? कॅल्शियम देता? शेवटची शी कधी, कशी होती? पहिल्याच प्रश्नाला मी अडलो. टाकीखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई होती, म्हणजे गरमच असणार, असा माझा हिशेब. घरी येऊन बघितलं तर मॅटची पिन ज्या बोर्डाला, त्याच बोर्डाला इस्त्री. इस्त्री काढली की कुणीतरी बटण बंद करायचं. कुणीतरी म्हणजे मीच. गरम कोपऱ्यातली फरशी २१ अंश निघाली.

हा प्राणी अंगातली ऊब स्वतः तयार करत नाही. दिवसभर तापलेल्या दगडाला संध्याकाळी पोट लावून तो ती घेतो, आणि त्या उबेवर त्याचं पोट चालतं. गरम बाजूची जमीन ३१ ते ३३ अंश हवी, दुसरं टोक २५च्या आसपास, म्हणजे हवं तेव्हा तिला सरकता येतं. बाई म्हणाल्या, "काका, २१ अंशांत तुम्ही हिला भरवलंत तर ते पचणार नाही, पोटात कुजणार." थंड पडलेल्या पालीला भरवणं म्हणजे विझलेल्या चुलीवर डाळ ठेवून शिजायची वाट बघणं. तर आधी ऊब, मग पाणी, आणि अन्न सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केलात तर तुमची मायाच तिला भोवते. मी उलटा केला होता.

ऊब म्हणजे काय करायचं, तेही सांगतो, कारण घाबरलेला माणूस काहीही करतो. कंबरेला शेकायची पट्टी, हॅलोजनचा हीटर, गरम होणारे कृत्रिम दगड, यांतलं काही नको. पोट भाजेपर्यंत ही पाल तिथून हलत नाही. हीट मॅटला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरल्या तापमानाला ती आपोआप बंद-चालू करणारं यंत्र, हवाच, आणि त्याची तार मॅटच्या बरोबर वर, पाल जिथं बसते तिथं. तापमान काचेला चिकटवलेल्या गोल घड्याळावर बघू नका, ते हवेचं सांगतं. टोकाला तार असलेला डिजिटल थर्मामीटर जमिनीवर टेकवा. आणि लाइट गेली तर थर्माकोलच्या डब्याला भोकं पाडून त्यात पाल, शेजारी टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. बाटली एकाच बाजूला, म्हणजे नको वाटलं तर तिला लांब जाता येईल. डॉक्टरकडे नेतानाही हाच डबा.

मग पाणी. डोळे खोल गेलेले, कातडी चिमटीत धरून सोडली की तशीच उभी राहणारी, म्हणजे अंगातलं पाणी आटलंय. उथळ ताटलीत कोमट पाणी, तिच्या पोटापर्यंत, नाकापर्यंत नव्हे. दहा-पंधरा मिनिटं, आणि समोर बसून. नाकाच्या टोकावर एक थेंब सोडला की जीभ बाहेर येते आणि ती चाटते. पहिल्या दिवशी टिकलीनं सात थेंब घेतले. मी मोजले. प्रेसमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. तिथं कागदाचा कपटासुद्धा हिशेबात लागतो.

त्याच सवयीनं वही घातली. तारीख, वजन, गरम बाजू, थंड बाजू, खाणं, शी. शीची गोष्ट लाजण्यासारखी नाही. तपकिरी भाग आणि त्याला लागून पांढरा खडूसारखा भाग. पांढरा म्हणजे तिची लघवी. पांढऱ्याचा पिवळा झाला, घट्ट झाला की पाणी कमी पडतंय. ताजी शी स्वच्छ डबीत घालून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. टिकलीच्या शीत जंतांची अंडी निघाली. वजनावर मोजून औषध मिळालं, सुईविना सिरिंजनं, पुन्हा पंधरा दिवसांनी. त्या काळात टाकीत नुसता कागदी टॉवेल, रोज बदलायचा, नाहीतर तीच अंडी पुन्हा पोटात.

इथं मला नशीब म्हणावं लागेल. कारण हीच लक्षणं, म्हणजे बारीक शेपटी, न पचलेलं अन्न उलटून पडणं, पातळ शी, क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीचीही असतात. त्यावर खात्रीचं औषध नाही, तो एका पालीकडून दुसरीकडे पसरतो, आणि साध्या ब्लीचनं मरत नाही. घरात एकाहून जास्त पाली असतील तर आजारी पाल वेगळ्या खोलीत, तिचे चिमटे-वाट्या वेगळ्या, आणि तिचं काम सगळ्यात शेवटी. नवीन आणलेलीलाही दोन-तीन महिने असंच.

बाईंनी जबड्यावर बोट हलकेच दाबून पाहिलं. कॅल्शियम कमी पडलं की हाडं मऊ होतात, जबडा रबरासारखा लागतो, पाय वाकतात, अंग उचलता येत नाही. बरेच जण नुसत्या अळ्या घालतात, वरून काही नाही, आणि वर्षभरात पाल फरपटत चालायला लागते. किड्यांना खायला देण्याआधी डी-३ जीवनसत्त्व असलेल्या कॅल्शियमच्या पुडीत घोळवायचं, जसं आपण चिरोटे पिठीसाखरेत घोळवतो. किडे उपाशी ठेवू नका, एक दिवस आधी त्यांना गाजर, पालेभाजी घाला. किड्याच्या पोटातलं तेच तिच्या पोटात जातं. आमच्याकडे गव्हाच्या कोंड्यात अळ्या वाढतात. तो डबा पिठाच्या डब्याशेजारी ठेवल्याबद्दल मला जे ऐकावं लागलं ते आकाशवाणीवर सांगता येणार नाही.

बाहेरचे किडे मात्र पकडून घालू नका, आणि आपल्या जिल्ह्यात तर मुळीच नको. द्राक्षबागा आहेत, फवारण्या चालू असतात, कुठला नाकतोडा कुठून उडत आला काय कळणार? आणि काजवे. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघायला जाता ना? बघून या, बाटलीत भरून आणू नका. अमेरिकेत काजवा खाऊन पाळीव सरडे मेल्याची नोंद आहे. आणि खाली वाळू नको. अळीबरोबर ती पोटात जाते आणि आतडं तुंबतं. आम्ही शहाबादी फरशीचा तुकडा टाकलाय, उष्णता धरतो आणि पुसायला सोपा.

कात टाकण्याबद्दल थोडं. थंडीतल्या कोरड्या हवेत हिची कात बोटांना दोऱ्यासारखी अडकते, रक्त थांबतं आणि बोट झडतं. श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या, बाजूला पाल जाईल एवढं भोक, आत ओला टिश्यू. तिथं जाऊन ती स्वतःच सोलून घेते, आणि तीच कात खाऊनही टाकते. डोळ्यावर अडकली तर ओढू नका, डॉक्टर काढतील.

हो, आणि हात धुवा. साबणानं. या प्राण्यांच्या शीतून साल्मोनेला नावाचा, पोट बिघडवणारा जिवाणू येऊ शकतो. टाकीची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नको, आणि पाच वर्षांखालच्या नातवंडांच्या हातात पाल नको, कितीही हट्ट केला तरी. माणसांची औषधं, घरात उरलेली कुत्र्याच्या जंतांची गोळी, हेही नको. ४९ ग्रॅमच्या जिवाला गोळीचा कुठला तुकडा द्यायचा?

टिकलीनं नवव्या दिवशी पहिला रातकिडा खाल्ला. वहीत मी त्या ओळीखाली रेघ मारली आहे. पण वजन लगेच हललं नाही. ४९, ४९, ५०, पुन्हा ४९. लेक रोज व्हिडिओ कॉल करायची आणि मी तिला आधी आकडा सांगायचो, मग आमची खुशाली. होळीला ५४ झालं. गुढीपाडव्याला ५६. कडुनिंबाची चटणी आम्ही खाल्ली, तिनं दोन रातकिडे.

मध्यंतरी भाच्याच्या लग्नाला दोन दिवस येवल्याला जावं लागलं. मंडळींचे गुडघे दुखतात म्हणून त्या घरीच राहिल्या. मी त्यांना फक्त एवढंच सांगितलं होतं, मॅटचं बटण बंद करू नका. आजवर त्यांनी टिकलीला हात लावलेला नाही, लावतील असं वाटतही नाही. परत आल्यावर वही उघडली तर माझ्या ओळीखाली त्यांच्या अक्षरात एक ओळ होती. "श्रीखंडाच्या डब्यासकट ८०. डबा २२. म्हणजे ५८. एक रातकिडा जास्त मागत होती, दिला."