बाटलीचं पाणी, विहिरीचं पाणी

[दृश्य: यवतमाळ जिल्हा. कपाशीचं शेत, विहिरीच्या काठावर फवारणीचा पंप भरला जातोय.]

पंप भरायचा तो विहिरीपाशीच, कारण पाणी तिथेच. झाकणानं मोजून औषध ओतलं, थोडं सांडलं. डबा विसळला, तेही पाणी काठावरच.

काळी माती बरंच विष धरून ठेवते. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक तिला घट्ट चिकटतं. मोनोक्रोटोफॉस हे दुसरं कीटकनाशक मात्र पाण्यात सहज विरघळतं. मक्यात पेरणीनंतर लगेच मारलेलं ॲट्राझिन हे तणनाशकही मातीत फारसं अडकत नाही. आणि हीच माती उन्हाळ्यात भेगाळते. हात जाईल एवढ्या भेगा. त्या बुजेपर्यंत पडणारा पाऊस थेट खाली मुरमात, तिथून खडकाच्या फटींत आणि विहिरीच्या झऱ्यात उतरतो. मातीला गाळायला सवडच मिळत नाही.

[दृश्य: मुंबईतलं दुकान. पाण्याच्या बाटल्यांची रास.]

फेब्रुवारी 2003. 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट' या संस्थेनं दिल्ली-मुंबईतलं बाटलीबंद पाणी तपासलं. त्यात लिंडेन, डीडीटी, मॅलेथिऑन, क्लोरपायरीफॉस निघालं. माग लागला तो कारखान्यांनी उपसलेल्या भूजलापर्यंत. ऑगस्टमध्ये शीतपेयांतही तेच सापडलं, आणि शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संसदेची संयुक्त समिती बसली. बाटलीच्या पाण्याचं मानक कडक झालं: कुठलंही एक कीटकनाशक लिटरला 0.1 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको.

नळा-विहिरीच्या पिण्याच्या पाण्याचं 2012 चं मानक वेगळं आहे. त्यात क्लोरपायरीफॉसला 30 मायक्रोग्रॅमपर्यंत मुभा, म्हणजे तीनशे पट. मॅलेथिऑनला तर 190. आकडा हवेतून आलेला नाही. क्लोरपायरीफॉससाठी जागतिक आरोग्य संघटनाही 30 च सांगते. मग बाटलीलाच एवढी कडक शिस्त का? आमच्या मते, कारण तिथे ओरडणारा ग्राहक होता.

[दृश्य: ग्रामपंचायत. तपासणी संचातली रंग बदलणारी नळी.]

गावातल्या महिलांना दिलेल्या संचात फ्लोराइड, नायट्रेट, लोह कळतं. कीटकनाशक कळत नाही. त्याला प्रयोगशाळेतला गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो. गावचा जलसुरक्षक टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, ग्रामपंचायतीला पाणी सुरक्षित असल्याचं हिरवं कार्ड मिळतं. पण टीसीएल जंतूंसाठी आहे. शिवाय नियमित तपासणी होते ती गावाच्या सार्वजनिक स्रोतांची. दुपारी निंदणाऱ्या बाया ज्या विहिरीचं पाणी पितात, ती शेतातली विहीर त्या यादीत नसते.

2017 मध्ये याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं दगावली. तेव्हा चर्चा मास्क आणि हातमोज्यांची बरीच झाली, विहिरीची फारशी नाही.

[दृश्य: दोरीनं विहिरीत सोडलेली नमुन्याची बाटली.]

रासायनिक तपासणी वर्षातून एकदा होते. उन्हाळ्यात नमुना घेतला तर पहिल्या पावसासोबत उतरलेलं काही त्यात दिसणार नाही. विष शोधायचंच असेल तर एक नमुना पेरणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसापाठोपाठ घ्यावा लागेल, दुसरा फवारणी भरात असताना, भादव्यात. आणि यादीत शेतातली विहीर घालावी लागेल.